शिकवणीच्या तासात पेन कुणाच्या हातात?

दहावीच्या भूमितीतलं एक प्रमेय सर वहीत सिद्ध करून दाखवतात. मुलगी शेजारी बसून प्रत्येक पायरीला मान डोलावते. "कळलं?" "हो सर." तिसऱ्या दिवशी तेच प्रमेय कोऱ्या कागदावर लिहायला सांगितलं, की आकृती निघते, पक्ष आणि साध्य लिहून होतं आणि पेन थांबतं. घरचे म्हणतात, लक्ष नव्हतं. सर म्हणतात, सराव कमी पडला. खरं तर तिचं लक्ष होतं आणि "कळलं" हेही खोटं नव्हतं. पण दुसऱ्याने मांडलेली पायरी ओळखणं आणि तीच पायरी स्वतः आठवून मांडणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. त्या तासात तिने फक्त पहिलं काम केलं. दुसरं सरांनी केलं, कारण पेन त्यांच्या हातात होतं.

पुण्यात दहावी-बारावीच्या घरात शिकवणी हा महिन्याच्या खर्चातला ठरलेला आकडा असतो. शिक्षक कोण, कुठे, किती फी, याची चौकशी बारकाईने होते. तासाभरात नेमकं काय घडतं, हे क्वचितच कुणी विचारतं. शिकण्याचं मानसशास्त्र मात्र गेली शंभराहून अधिक वर्षं त्याच तासाभराबद्दल बोलत आलं आहे.

सुरुवात हर्मन एबिंगहाऊस यांच्यापासून करायला हवी. या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ केल्या, ठरावीक काळाने त्याच पुन्हा पाठ केल्या आणि दुसऱ्या वेळी किती श्रम वाचले ते मोजलं. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आकड्यांनुसार वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के श्रम वाचत होते, एका दिवसाने ३४ टक्के आणि महिन्याने २१ टक्के. विस्मरण पहिल्या काही तासांत सर्वांत वेगाने होतं आणि मग मंदावतं. धड्याला अर्थ असतो, म्हणून तो इतक्या झपाट्याने जात नाही. पण घसरणीचं वळण तसंच असतं: आधी वेगाने, मग मंद.

ही घसरण थोपवायची कशी, याचं उत्तर हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ सालच्या प्रयोगात आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१ टक्के. आठवड्याने चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. त्यातही आठवडाभरानंतर आपल्याला जास्त लक्षात राहील, असं वाचणाऱ्यांनाच अधिक वाटत होतं. मजकूर डोळ्यांना सवयीचा झाला, की मन तो आपलासा झाला असं धरून चालतं. रात्री धडा वाचून "झाला" म्हणणारा मुलगा या फसगतीत सापडलेला असतो, तो आळशी नसतो.

पुस्तकाची पानं पिवळी-गुलाबी करण्याचंही तसंच आहे. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. अधोरेखन आणि पुनर्वाचन तळाच्या गटात गेले, तर स्वतःची चाचणी घेणं आणि अंतर ठेवून उजळणी करणं या दोनच पद्धतींना वरचं स्थान मिळालं. आणि "आमचा मुलगा बघून शिकणारा आहे, आमची मुलगी ऐकून शिकणारी" या समजुतीवर शिकवणी बेतायला जाऊ नये. अशा शैलीनुसार शिकवल्याने फायदा होतो याला भक्कम पुरावा नाही.

मग शिकवणीचा उपयोग होतो का? होतो, आणि चांगला होतो. १९८४ साली बेंजामिन ब्लूम यांनी लिहिलं, की एकास एक शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे गेला. हा आकडा फार गाजला. त्या मुलांना चाचणी, दुरुस्ती आणि पुन्हा चाचणी असा क्रमही मिळाला होता, हे मागे पडलं. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा परिणाम बराच कमी निघाला: शंभरातल्या पन्नास मुलांच्या पुढे असलेला विद्यार्थी साधारण अठ्ठ्याहत्तर जणांच्या पुढे जातो. हीसुद्धा लहान गोष्ट नाही.

सर्वांत बोलका प्रयोग मिशलीन ची आणि सहकाऱ्यांचा, २००१ सालचा. विषय होता माणसाच्या शरीरातलं रक्ताभिसरण. काही शिकवणाऱ्यांना नेहमीसारखं समजावू दिलं. नंतर समजावून सांगायला मनाई केली आणि फक्त विचारायला, बोलतं करायला सांगितलं. मुलं दोन्ही वेळा सारखीच शिकली. शिकवणारा गप्प राहिल्याने नुकसान झालं नाही, कारण ती जागा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या स्पष्टीकरणाने भरली.

हे तासात उतरवायचं कसं, ते पाहू. साठ मिनिटांतली पहिली आठ-दहा मिनिटं कोऱ्या कागदाची. पुस्तक बंद, वही बंद, मागच्या वेळी झालेलं जे आठवेल ते लिहायचं: सूत्रं, आकृती, व्याख्या, अर्धवट वाक्यंही चालतील. मग विद्यार्थ्याने स्वतः पुस्तक उघडून राहिलेलं वेगळ्या शाईने भरायचं. शिक्षकाला त्या दिवशी कुठे थांबायचं ते या दोन रंगांवरून कळतं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे "आधी एकदा नजर टाकू दे" याला हो म्हणणं. नजर टाकली, की चाचणी पाच मिनिटांच्या स्मरणाची होते.

नवीन भागाला पंचवीस मिनिटं पुरतात. अगदी नवख्या विषयात मात्र मुलाला लगेच पाण्यात ढकलू नये. एका वेळी मनात चारच्या आसपास गोष्टी धरता येतात आणि नवख्याच्या त्या सगळ्या जागा चिन्हं सांभाळण्यातच भरतात. पूर्ण वर्ग पद्धतीने वर्गसमीकरण शिकवायचं, तर पहिलं उदाहरण पूर्ण सोडवून दाखवावं आणि प्रत्येक पायरीला "हे का केलं?" विचारावं. दुसऱ्यात शेवटची पायरी कोरी ठेवावी, तिसऱ्यात शेवटच्या दोन, आणि पाचव्या-सहाव्या उदाहरणापर्यंत सगळं विद्यार्थ्याचं. आधार शेवटाकडून काढत आणायचा. पूर्ण सोडवलेल्या उदाहरणावरून थेट स्वाध्यायात उडी मारली की मुलं गाइड उघडतात.

खरं कसब लागतं ते मूल अडतं तेव्हा. विज्ञानातलं एक गणित घेऊ. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर १० सेंटिमीटर आहे, वस्तू १५ सेंटिमीटरवर आहे, प्रतिमा कुठे मिळेल? विद्यार्थी ६ सेंटिमीटर उत्तर काढतो. अनुभवी डोळ्याला चूक लगेच दिसते: वस्तूचं अंतर ऋण घ्यायला हवं होतं, धन घेतलं. "अरे, चिन्ह चुकलं" म्हटलं की उत्तर ३० होतं, आणि पुढच्या गणितात तीच चूक परत येते. त्याऐवजी आधी म्हणावं, "आकृती काढ आणि नाभी दाखव." मग, "वस्तू नाभी आणि नाभीय अंतराच्या दुप्पट अंतराच्या मध्ये आहे. प्रतिमा जवळ येईल की लांब?" प्रतिमा २० सेंटिमीटरच्या पलीकडे यायला हवी हे त्याला सांगता आलं, की ६ हे उत्तर त्याचं त्यालाच खटकतं. तरीही नाही जमलं तर, "अंतरं कुठून मोजायची? वस्तू कोणत्या बाजूला आहे?" एवढ्यानंतरच कार्टेशियन चिन्ह संकेत, म्हणजे कोणतं अंतर धन आणि कोणतं ऋण घ्यायचं याचा नियम, सांगायचा. मदत अशी पायरी-पायरीने द्यावी आणि शक्य तितक्या सुरुवातीच्या पायरीवर थांबावं.

दोन पायऱ्यांमध्ये शांत राहावं. मेरी बड रो यांनी वर्गांतली संभाषणं मोजली तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबत होते. ती वेळ तीन सेकंद किंवा अधिक केली, की मुलांची उत्तरं लांब झाली आणि "माहीत नाही" कमी झालं. समोर मूल घुटमळत असताना तीन सेकंद फार मोठे वाटतात. मनातल्या मनात आकडे मोजावेत.

चुकांची वेगळी वही ठेवावी, पण तिच्यात बरोबर उत्तर उतरवून काही साधत नाही. तिथे चुकीचा प्रकार लिहायचा. कल्पनाच चुकीची होती, आठवलं नाही, प्रश्न अर्धाच वाचला, की आकडेमोड घसरली? चारही चुकांना एकसारखाच लाल फुलीचा शेरा मिळतो, उपाय मात्र वेगळे आहेत. कल्पना चुकली तर पुन्हा आकृतीपासून सुरुवात. आठवलं नाही तर उजळणीची तारीख जवळ आणायची. "फरक स्पष्ट करा"मध्ये एकाच बाजूचे मुद्दे लिहिणाऱ्याला आणखी शिकवून उपयोग नाही, प्रश्न बोट ठेवून वाचायला लावावा लागतो. उत्तर तपासण्याआधी शेजारी १ ते ५ मध्ये खात्रीचा आकडाही लिहून घ्यावा. खात्रीने दिलेलं उत्तर चुकलं, की आश्चर्यामुळे दुरुस्ती जास्त पक्की बसते, असं प्रयोगांत दिसलं आहे. शिवाय आपल्याला काय येतं याचा अंदाज मुलाला हळूहळू नेमका बांधता येतो.

उजळणीच्या तारखांबाबत २००८ सालचा एक मोठा प्रयोग उपयोगी आहे. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी तेराशेहून अधिक लोकांवर तो केला. चाचणी आठवड्याने असेल तर पहिल्या अभ्यासानंतर साधारण एक दिवसाने केलेली उजळणी सर्वांत फळली, ३५ दिवसांनी असेल तर अकराएक दिवसांनी, ७० दिवसांनी असेल तर तीन आठवड्यांनी. सहामाहीच्या आदल्या आठवड्यात नवा धडा झाला, तर दुसऱ्याच दिवशी आठवून लिहावा. डिसेंबरात शिकलेला आणि बोर्डाच्या पेपरात हवा असलेला धडा मात्र रोज उगाळण्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा काढणं बरं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात धड्याचं नाव लिहिलं की पुरे. थोडं विसरायला झालेलं असताना आठवण्याची धडपड करावी लागते, आणि स्मरण त्या धडपडीनेच घट्ट होतं.

शेवटची दहा मिनिटं सरमिसळ गणितांची. स्वाध्यायात एका सूत्राची दहा गणितं ओळीने असतात. कोणतं सूत्र लावायचं हे शीर्षकच सांगतं. बोर्डाच्या पेपरात ते शीर्षक नसतं. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये घनाकृतींच्या घनफळावर हे तपासलं. एकेका प्रकाराचा सलग सराव करणाऱ्यांची सरावातली ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिश्र सराव करणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत सलगवाल्यांना २० टक्के मिळाले, मिश्रवाल्यांना ६३. पालकांनी हे आकडे जरूर लक्षात ठेवावेत, कारण चांगल्या शिकवणीच्या वहीत काही आठवडे फुल्या जास्त दिसतात. ते पाहून शिक्षक बदलण्याची घाई होते. विचारायचं ते हे, की तीन आठवड्यांपूर्वीचा धडा आज न बघता किती येतो.

झोपेवर फार लिहायची गरज नाही: दिवसभरात शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो, आणि या वयाला आठ ते दहा तास लागतात. रात्री एकपर्यंत बसवून पहाटे पाचला उठवणारं वेळापत्रक अभ्यासाचे तास वाढवतं आणि स्मरण घटवतं.

शिक्षक निवडताना एक तास शांतपणे शेजारच्या खोलीत बसावं आणि आवाज कुणाचा जास्त येतो ते ऐकावं. नोव्हेंबरपासून आणखी एक खूण पाहावी. ताई किंवा सर आज काय करायचं हे अजूनही स्वतःच ठरवत असतील, तर ते काम मुलाकडे जायला हवं: त्याने चुकांची वही उघडून तीन अडचणी निवडायच्या, चिठ्ठीवर लिहायच्या आणि तास त्या चिठ्ठीवर चालवायचा. जानेवारीत आठवड्याचे तीन तास दोनवर आणावेत. सुटलेल्या तासाच्या वेळी मुलाने घड्याळ लावून मंडळाच्या पद्धतीचा चाळीस गुणांचा पेपर दोन तासांत एकट्याने सोडवावा, आणि पुढच्या तासाला तो घेऊन यावं.