कुस्तीचा दम

कुस्तीचा दम म्हणजे लढताना स्नायूंना लागणारी ऊर्जा शरीर ज्या तीन वाटांनी पुरवतं त्या वाटांची तयारी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या तालमींत (कन्नड बोलणारे हिलाच गरडी म्हणतात) तिन्हींना मिळून एकच शब्द आहे, दम. 'पोरगं ताकदीला चांगलं हाय, खरं दम नाय' असं जत्रेच्या मैदानात कुणीतरी म्हणतंच, आणि इकडं 'खरं' म्हणजे 'पण' बरं का, बाहेरच्यांनी गोंधळू नये. घोळ होतो तो तिथंच, कारण दम नाही म्हणजे तिन्हींतला नेमका कुठला नाही हे कोणी विचारत नाही आणि सरसकट सगळ्यांना पळायला लावतात.

पहिला दम जेमतेम दहा सेकंदांचा. स्नायूत साठलेलं क्रिएटिन फॉस्फेट फोडून एटीपी, म्हणजे स्नायू प्रत्यक्ष वापरतो ते इंधन, लगेच तयार होतं, ऑक्सिजनची वाट बघावी लागत नाही. झपकन पट काढणं, ढाक मारणं, समोरच्याला उचलून आपटणं हे सगळं याच्यावर. संपतो लवकर आणि भरतोही लवकर, म्हणजे अर्ध्या मिनिटात साधारण निम्मा, पूर्ण व्हायला तीन ते पाच मिनिटं.

दुसरा दम ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूत साठवलेल्या साखरेचा. जोर सुटत नाही, पकड सोडता येत नाही, अशी झटापट अर्धा-एक मिनिट चालली की ग्लायकोजेन ऑक्सिजनशिवाय फुटायला लागतं आणि त्यातून तयार होणारं लॅक्टेट वाढतं. विश्रांतीला रक्तात लिटरमागे एक-दोन मिलिमोल असणारं लॅक्टेट कडक लढतीनंतर दहाच्याही वर जातं. याला तालमीत 'हात भरले' म्हणतात. लढत संपवून आलेल्या पोराकडे बघा, तांब्या एका हातात धरवत नाही, दोन्ही हातांनी धरतो तरी पाणी छातीवर सांडतं, बोटं मिटतच नाहीत. दोष मात्र एकट्या लॅक्टेटचा नाही, सोबत स्नायूत आम्लता वाढते, फॉस्फेट साठतं. लॅक्टेट तर हृदय आणि इतर स्नायू इंधन म्हणून परत वापरतात, आणि दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते लॅक्टेटमुळे हा समज साफ चुकीचा, ते तास-दीड तासात निघून गेलेलं असतं.

तिसरा दम ऑक्सिजनचा, संथ पण न संपणारा. त्याचं मोठं काम म्हणजे दोन झटापटींच्या मधल्या खडाखडीत, म्हणजे उभ्याने हाताला हात लावून एकमेकांना अजमावत असताना, पहिला दम परत भरून देणं. तिन्ही वाटा पहिल्या सेकंदापासून एकदमच चालू असतात, फक्त कुणाचा वाटा किती ते बदलत जातं.

आता माती आणि मॅट. जत्रेच्या मैदानात निकाली कुस्ती असते, चितपट होईपर्यंत, मोठी जोड असली तर हलगी वाजवणाऱ्याचे हात दुखतात तरी खडाखडी चालूच. तिथं तिसरा दम राजा. मॅटवर मोठ्यांची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये 30 सेकंद, फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की तिथंच खेळ खलास. इथं कसोटी दुसऱ्या दमाची, मातीतला पैलवान मॅटवर दुसऱ्या फेरीत उभ्या उभ्या ढिला पडतो तो यामुळे. हजार बैठका मारणारा पोरगा पाचव्या मिनिटाला गुडघ्यावर हात टेकून उभा राहिलेला मी बघितलाय, आणि वस्ताद बाहेरून ओरडतायत 'अजून बैठका वाढवा याच्या'. बैठका वाढवून काय होणार, त्याच्यात जो दम आधीच आहे तोच वाढणार.

मेहनत मग कशी? पहिल्या दमासाठी एकच डाव सहा ते दहा सेकंद पूर्ण जोराने, मग एक-दोन मिनिटं खरोखरची विश्रांती, आणि हीच तालमीत कोणाला पटत नाही, उभा राहिलेला पैलवान आळशी वाटतो. दोरावर हातांनी चढणं यातच मोडतं. दुसऱ्यासाठी एकाला मध्ये घालून दर मिनिटाला ताजा गडी सोडायचा, सहा मिनिटं, आठवड्यातून दोनदा पुरे. जपानमध्ये इझुमी तबाता यांचा 1996 चा अभ्यास प्रसिद्ध आहे, सायकलवर 20 सेकंद जीव तोडून आणि 10 सेकंद थांबून असे सात-आठ फेरे, सहा आठवड्यांत दुसरा आणि तिसरा दम दोन्ही वाढले. तिसऱ्यासाठी पळणं, येळ्ळूरकडच्या पोरांना राजहंसगडाचा चढ आहेच, आणि हौद्याची, म्हणजे तालमीतल्या कुस्तीच्या खड्ड्याची, माती फावड्याने खणून उलटी करणं हाही तोच व्यायाम, जुन्या लोकांनी नाव न देता शोधलेला. पावसाळ्यात मैदानं बंद असतात तेव्हा हा पाया घालायचा आणि जत्रा जवळ आल्या की स्फोटक कामावर यायचं. नुसतं लांब पळत राहिलं तर पट काढायचा झटका कमी होतो.

दहा-बारा वर्षांच्या पोरांना दुसऱ्या दमाची मेहनत लावू नये, वयात येण्याआधी ती वाट शरीरात पुरती तयारच नसते, त्यांना डाव शिकवा.

खुराकाबद्दल थोडं. बदाम, दूध, तूप याने अंग धरतं, पण ग्लायकोजेन भरतं ते भाकरी-भाताने. क्रिएटिन मटण-माशातून मिळतं, शाकाहारी पैलवानाच्या स्नायूत ते कमी असतं. आणि वजन गटासाठी दोन दिवस उपाशी राहून, घाम काढून जे किलो जातात त्यात ग्लायकोजेन आणि त्याने धरून ठेवलेलं पाणीच जास्त, एका ग्रॅमला साधारण तीन ग्रॅम. 1997 मध्ये अमेरिकेत कॉलेजचे तीन पैलवान असंच वजन उतरवताना महिनाभरात मेले. आपल्याकडे अजूनही स्वेटर घालून पळवतात, वर तोंडात लिंबू देतात.