गोदामातली पायपीट

ऑर्डरप्रमाणे रॅकमधून माल काढून आणणाऱ्या माणसाला गोदामात 'पिकर' म्हणतात. त्याच्या एका पाळीचा हिशेब मांडला तर गंमत दिसते. कप्पा शोधणे, वस्तू उचलणे, स्कॅन करणे, नोंद करणे या सगळ्याला मिळून जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढाच नुसता चालण्यात जातो. हाताने माल काढायच्या गोदामांसाठी पाठ्यपुस्तकांत ढोबळ आकडे दिलेले असतात. त्यांनुसार गोदाम चालवण्याच्या खर्चातला निम्म्याहून जास्त वाटा या 'पिकिंग'चा, आणि पिकिंगमधला निम्मा वेळ चालण्याचा. चालून मालाची किंमत काही वाढत नाही. त्यामुळे मांडणी सुधारणे म्हणजे पायपीट कमी करणे, असाच अर्थ गेली साठ-सत्तर वर्षे धरला गेला आहे. तो पुरेसा आहे का, आणि या कामात एआय नेमके काय करते, हे पुढे पाहू.

पहिला उपाय कोणालाही सुचेल: जास्त खपाचा माल दाराजवळ ठेवा. पण त्यातही एक मेख आहे. समजा एक वस्तू दिवसाला १०० वेळा काढली जाते, पण तिचा साठा १० कप्पे अडवतो. दुसरी ४० वेळाच काढली जाते, पण तिला २ कप्पे पुरतात. पहिलीच्या वाट्याला एका कप्प्यामागे १० फेऱ्या येतात आणि दुसरीच्या वाट्याला २०. म्हणजे दाराजवळचा मान दुसरीचा. खप आणि जागा यांचे हे गुणोत्तर जेम्स हेस्केट यांनी १९६३ मध्ये मांडले आणि ते आजही वापरात आहे. एका फेरीत एकच वस्तू आणायची असेल तर या नियमावर भागते. त्याला एआय लागत नाही, वही-पेन्सिल पुरते.

गोची होते ती एका ऑर्डरमध्ये चार-पाच वस्तू आल्या की. आता एखाद्या वस्तूची योग्य जागा तिच्या एकटीच्या खपावर ठरत नाही, तिच्यासोबत आणखी काय मागवले जाते यावरही ठरते. पाने (स्पॅनर) हलवायचे तर त्यांच्यासोबतचे नटबोल्टही हलायला हवेत, आणि नटबोल्टांचे इतर दहा वस्तूंशी संबंध असतात. ओळीने एकेक जागा ठरवत जाण्याची सोय इथे संपते, कारण प्रत्येक निर्णय बाकी सगळ्या निर्णयांना चिकटलेला असतो.

या प्रकारचे गणित १९५७ मध्ये त्यालिंग कूपमन्स आणि मार्टिन बेकमन या अर्थतज्ज्ञांनी मांडले. त्यांच्यापुढे गोदाम नव्हते. कारखाने कुठे वसवले तर त्यांच्यातली मालवाहतूक स्वस्त पडेल, हा त्यांचा प्रश्न होता. गणिताला मात्र कारखाना काय आणि कप्पा काय, सारखेच. दिसायला निरुपद्रवी असलेला हा प्रश्न भलताच राक्षसी आहे. १० वस्तू १० जागांवर ३६,२८,८०० प्रकारे मांडता येतात. २० वस्तूंसाठी हा आकडा २४३ वर १६ शून्ये इतका होतो, आणि सेकंदाला १०० कोटी मांडण्या तपासणाऱ्या संगणकालाही त्या संपवायला ७७ वर्षे लागतील. ३० वस्तूंसाठी विश्वाच्या वयाच्या सहा लाख पट वेळ लागेल. अर्थात एकेक मांडणी तपासत बसणे हा शुद्ध अडाणीपणा आहे, हुशारीच्या पद्धती आहेत. पण हुशारीलाही घाम फुटतो. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३० विभागांच्या एका नमुना-प्रश्नाचे निर्विवाद सर्वोत्तम उत्तर २००० साली सापडले, तेही शेकडो संगणक सुमारे आठवडाभर राबवून. खऱ्या गोदामात वस्तू हजारांनी असतात.

म्हणून 'सर्वोत्तम' हा शब्द सोडून द्यायचा आणि 'पुरेसे चांगले' यावर समाधान मानायचे. तेही कसे शोधायचे, याचे एक सुंदर उत्तर धातुकामातून आले. तापवलेला धातू हळूहळू थंड केला तर त्यातले अणू सुबक रचनेत बसतात, एकदम गार केला तर वेडेवाकडे अडकून पडतात. १९८३ मध्ये स्कॉट कर्कपॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी हेच तत्त्व गणितात आणले. दोन कप्प्यांतल्या मालाची अदलाबदल करा. चालणे कमी झाले तर बदल ठेवा. वाढले तरी कधीकधी ठेवा! सुरुवातीला, म्हणजे 'तापमान' जास्त असताना, असे वाईट बदल बरेच चालवून घ्यायचे आणि हळूहळू ती सवलत काढून घ्यायची.

जाणूनबुजून वाईट बदल का ठेवायचा? नेहमी एकत्र मागवल्या जाणाऱ्या दोन वस्तू मागच्या कोपऱ्यात शेजारी-शेजारी आहेत असे धरा. दोघींना पुढे आणले तर मोठा फायदा आहे. पण एकीलाच पुढे आणले तर जोडी फुटते, चालणे वाढते आणि फायद्यालाच चिकटून बसलेला प्रोग्राम तो बदल तिथल्या तिथे रद्द करतो. दुसरीची पाळी कधी येतच नाही. मधला तोटा सोसायची मुभा असेल तरच तो पलीकडच्या फायद्यापर्यंत पोहोचतो.

जॉन हॉलंड यांनी सत्तरच्या दशकात पुढे आणलेली जनुकीय पद्धतही गोदामांत भरपूर वापरली गेली आहे. दोन चांगल्या मांडण्यांचा 'संकर' करून तिसरी जन्माला घालायची, अशी तिची रीत. हा संकर सरळ केला तर एक वस्तू दोन ठिकाणी आणि दुसरी कुठेच नाही अशी संतती निपजते. ती दुरुस्त करण्याच्या युक्त्या हाच या पद्धतीचा निम्मा इतिहास आहे.

इथे कोणी म्हणेल, हे सगळे तर जुनेच आहे, यात एआय कुठे आले? शंका रास्त आहे. या पद्धतींना पूर्वी प्रवर्तन संशोधन (ऑपरेशन्स रिसर्च) म्हणत, आता जाहिरातींत त्यांनाच एआय म्हणतात. नवे आले आहे ते शिकणे. जुन्या ऑर्डरींच्या नोंदींवरून पुढच्या महिन्यात काय खपेल आणि कशासोबत काय मागवले जाईल याचा अंदाज यंत्र बांधते, आणि मांडणी कालच्या नव्हे, उद्याच्या मागणीसाठी होते. दुसरा बदल मला जास्त रंजक वाटतो. त्याची सुरुवात गर्दीपासून होते.

सगळा खपाचा माल दाराजवळ आणला की कागदावर अंतर घटते. प्रत्यक्षात सगळे पिकर, सगळ्या गाड्या आणि फोर्कलिफ्ट त्याच दोन वाटांमध्ये एकमेकांच्या अंगावर येतात. अंतराच्या सूत्राला खोळंबा दिसत नाही. तो पाहायचा तर सिम्युलेशन हवे: संगणकात उभे केलेले गोदाम, ज्यात ऑर्डरी येतात, माणसे फिरतात, अडतात, वाट पाहतात. मांडणी खरी आहे की नुसती कागदी, हे इथे कळते. अडचण वेळेची आहे. एका मांडणीचा एक दिवस चालवून पाहायला काही मिनिटे लागत असतील आणि शोधाला लाखो मांडण्या तपासायच्या असतील, तर वर्षे जातील.

त्यावर तोड अशी: काही हजार मांडण्या सिम्युलेशनमधून काढायच्या आणि त्यांच्या निकालांवर एका न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रामला, शिकवायचे. मग नवी मांडणी दिली की ते सिम्युलेशन न चालवता क्षणार्धात निकालाचा अंदाज सांगते. शोधाचा वेग प्रचंड वाढतो आणि धोकाही इथेच शिरतो. अंदाज कुठे ना कुठे चुकणारच, काही वाईट मांडण्यांना तो भरमसाट गुण देणार. सर्वात जास्त गुणांची मांडणी हुडकणारा प्रोग्राम नेमका तिथेच जाऊन पोहोचतो. त्याने कमी चालण्याची मांडणी शोधलेली नसते, अंदाजातली भोके शोधलेली असतात. त्यामुळे आघाडीच्या मांडण्या पुन्हा खऱ्या सिम्युलेशनमध्ये घालून पाहायच्या, उघडी पडलेली चूक शिकवणीत मिसळायची आणि चक्र पुन्हा फिरवायचे. हे रटाळ काम टाळलेला प्रकल्प मला तरी विश्वासार्ह वाटत नाही.

मांडणीला खेळ मानून यंत्राला चुकत-माकत शिकू द्यावे, असाही एक मार्ग आहे. त्याचे गाजलेले उदाहरण गोदामातले नाही, चिपवरच्या भागांच्या मांडणीचे आहे, पण गणित सख्ख्या नात्यातले. २०२१ मध्ये गूगलच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये तशी पद्धत प्रसिद्ध केली आणि त्यावर जोरदार वाद झडला. टीकाकारांचा एक मुद्दा असा होता की, तुलनेला घेतलेली ती जुनी, धातू थंड करणारी पद्धत नीट वापरली तर तीही मागे पडत नाही.

आतापर्यंतच्या साऱ्या खटाटोपात एक गोष्ट कोणी हलवली नाही: वाटा. रॅक समांतर ओळींत आणि त्यांना काटकोनात छेदणारी आडवी वाट, ही चौकट गृहीतच होती. केविन ग्यू आणि रसेल मेलर यांनी २००९ मध्ये ती मोडली. माल ठेवायच्या-उचलायच्या जागेपासून दोन तिरक्या वाटा निघतात आणि त्यांच्या एका बाजूला रॅक उभे, तर दुसऱ्या बाजूला आडवे. वरून पाहिले तर माशाचा काटा दिसतो. एका फेरीत एकच पॅलेट (माल रचलेला लाकडी पाट) हलवायचा असेल, तर या रचनेत सरासरी अंतर सुमारे २० टक्क्यांपर्यंत कमी होते. बदल्यात जागा थोडी जास्त लागते आणि एका फेरीत अनेक थांबे असले की फायदा आक्रसतो. कप्प्यांची अदलाबदल करणारा प्रोग्राम अब्जावधी वर्षे चालवला असता तरी हा आकार निघाला नसता, कारण वाट तिरकी असू शकते हे त्याला कोणी सांगितलेलेच नव्हते. गणित ग्यू आणि मेलर यांनीही केले, पण आधी काटकोनाला चलराशी केले, म्हणजे वाटेचा कोन बदलू दिला.

वाटांनंतर रॅकची पाळी आली. २००३ मध्ये सुरू झालेल्या किव्हा सिस्टिम्सने बुटके रोबो आणले. ते कपाटाखाली शिरून अख्खे कपाट उचलतात आणि जागेवर उभ्या असलेल्या माणसापुढे आणून ठेवतात. २०१२ मध्ये ॲमेझॉनने ही कंपनी ७७.५ कोटी डॉलरना विकत घेतली. कपाट परत जाताना जुन्याच जागी जायला बांधलेले नाही, त्यामुळे ज्यांना मागणी नाही ती कपाटे आपोआप मागे सरकत जातात. अशा ठिकाणी मांडणीचा नकाशा एकदा काढून भिंतीवर लावता येत नाही, तो तासातासाला बदलतो. २०२५ मध्ये दहा लाखावा रोबो कामाला लावताना ॲमेझॉनने रोबोंच्या वाहतुकीचे नियोजन करणारे 'डीपफ्लीट' हे एआय मॉडेल जाहीर केले. त्याने रोबोंच्या प्रवासाचा वेळ १० टक्क्यांनी सुधारेल, असा कंपनीचा दावा आहे.

माणूस चालतो तिथे मात्र मीटर हे एकच माप धोक्याचे. कंबर ते खांदा या उंचीतला कप्पा सर्वात सोयीचा. फक्त अंतर मोजणारा प्रोग्राम दाराजवळच्या रॅकच्या सर्वात वरच्या फळीवर जड खोके ठेवून मोकळा होतो. त्याच्या लेखी ते जवळच असते. वाकणे, ताणणे, उचलणे यांची किंमत हिशेबात घातली नाही तर ती पिकरच्या पाठीतून वसूल होते.

आणि माल हलवण्याचीही किंमत असतेच. सध्याची मांडणी मोडून हजारो वस्तू नव्या जागी न्यायच्या तर त्यातच मनुष्यबळाचे कितीतरी दिवस जातील, आणि तोवर मागणी बदललेली असेल. हा खर्च गणितात घातला की प्रोग्राम नवा नकाशा देत नाही, अदलाबदलीची यादी देतो: ही वस्तू तिकडे, तिकडची इकडे, सर्वात फायद्याची सर्वात वर. रात्रपाळी वरून सुरुवात करते आणि पुढच्या ओळीतला फायदा हलवण्याच्या श्रमापेक्षा कमी भरला की यादी तिथेच सोडते.