हॅम रेडिओ फुगा

हॅम रेडिओ फुगा : हौशी रेडिओचालकांनी, म्हणजे हॅमनी, छोटा प्रक्षेपक (ट्रान्समीटर) बांधून आकाशात सोडलेला फुगा. तो साधारण ३० किमी. उंची गाठतो. फुगा सोडणे तसे सोपे. तो कुठे आहे हे सतत कळत राहणे आणि उतरल्यावर तो हाती लागणे, खरी विद्या यात आहे.

जर्मनीत १९६४ मध्ये आणि फिनलंडमध्ये १९६७ मध्ये असे फुगे उडाल्याची नोंद आहे. आजच्या स्वरूपातल्या छंदाची सुरुवात मात्र अमेरिकेतील बिल ब्राउन यांनी १५ ऑगस्ट १९८७ रोजी ओहायोतून सोडलेल्या फुग्यापासून धरतात.

फुगा हवामान खाते वापरते तसाच लेटेक्सचा असतो. त्यात हेलियम किंवा हायड्रोजन भरतात. खाली दोरीला पॅराशूट आणि त्याखाली थर्मोकोलची पेटी. सेकंदाला ५ मी. वेगाने चढला तर ३० किमी. गाठायला शंभर मिनिटे लागतात. वर हवेचा दाब जमिनीवरच्या जेमतेम एक टक्का उरतो, त्यामुळे निघताना दोन मीटर व्यासाचा फुगा आठ मीटरपर्यंत फुगतो आणि फुटतो. वाटेत थंडीही कडक. उष्ण कटिबंधात १६-१७ किमी.वर पारा उणे ८० से.च्या आसपास असतो. साधे अल्कलाइन सेल अशा थंडीत मान टाकतात, म्हणून पेटीत लिथियमचेच घालतात.

पेटीतला मुख्य ऐवज म्हणजे ट्रॅकर : जीपीएस, छोटा मायक्रोकंट्रोलर (एका चिपवरचा संगणक) आणि प्रक्षेपक. जीपीएस घेताना पुष्कळांची फसगत होते. क्षेपणास्त्रांत वापर होऊ नये म्हणून घातलेल्या जुन्या निर्बंधामुळे काही रिसीव्हर १८ किमी.च्या वर स्थान सांगणेच बंद करतात. काहींना सुरुवातीलाच ‘विमान’ अवस्थेत जाण्याची आज्ञा द्यावी लागते. ती विसरली, तर फुगा ऐन रंगात आला असताना नकाशावरून गायब.

ही माहिती खाली आणण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे बॉब ब्रुनिंगा यांनी विकसित केलेली एपीआरएस पद्धत. उत्तर अमेरिकेत १४४.३९० आणि युरोपात बहुतेक ठिकाणी १४४.८०० मेगाहर्ट्झवर स्थान, उंची आणि वेग यांचे छोटे संदेश जातात. जमिनीवरची पुनःप्रक्षेपण केंद्रे ते पुढे ढकलतात आणि इंटरनेटवरच्या नकाशावर ठिपका सरकू लागतो. फुग्याच्या कॉलसाइनपुढे, म्हणजे हॅमला परवान्यासोबत मिळणाऱ्या ओळखचिन्हापुढे, सहसा ‘-११’ लावतात. ३० किमी.वरून त्याचे रेडिओ-क्षितिज सहाशे-सातशे किमी. दूर असते. एकच संदेश एकाच वेळी कितीतरी केंद्रांना ऐकू जातो आणि सगळी तो पुन्हा पाठवू लागली की वाहिनी तुंबते. म्हणून जाणते लोक वर गेल्यावर संदेशातली पुनःप्रक्षेपणाची विनंतीच काढून टाकतात. ब्रिटनमध्ये बरीच वर्षे हॅम परवान्यावर आकाशातून प्रक्षेपण करायला मनाई होती. तिथल्या मंडळींनी ४३४ मेगाहर्ट्झवर, विनापरवाना चालणाऱ्या १० मिलिवॅटवर भागवले आणि तेवढ्यावरही शेकडो किमी.वरून संदेश पकडले.

पेटी उतरली की उलटे होते. झाडांमागे, टेकडीमागे संदेश अडतो आणि शेवटचे कळलेले स्थान जमिनीपासून काहीशे मीटर उंचीवरचे असते. तिथून पुढे गाडी, यागी अँटेना (एकाच दिशेने नेमका सिग्नल पकडणारी) आणि पायपीट. अगदी जवळ गेल्यावर सिग्नल सगळीकडूनच जोरदार येतो. मग हँडसेट छातीशी धरून गोल फिरायचे. ज्या दिशेला पाठ केल्यावर आवाज सर्वांत क्षीण होतो, पेटी तिकडे. काही जण सरळ पेटीत बझर लावून मोकळे होतात.

हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्था सोडते ते फुगे याहून वेगळे. ते पॉलिथिनचे, प्रचंड आणि वैज्ञानिक कामाचे असतात. पण आपल्याकडच्या लोकांना ओळखीचे तेच. ‘आकाशातून पडलेल्या पेटीला हात लावू नये’ अशी त्या फुग्यांबाबतची जाहीर सूचना महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांसाठीही निघते.

अलीकडचा प्रकार म्हणजे ‘पिको’ फुगा. हा न ताणणाऱ्या चंदेरी प्लास्टिकचा असल्याने फुटत नाही, १२-१३ किमी.वर तरंगत राहतो. काही ग्रॅमच्या ट्रॅकरला इवली सौर पट्टी पुरते. रात्री तो गप्प. १४ मेगाहर्ट्झवर, काही मिलिवॅटमध्ये, डब्ल्यूएसपीआर या, अगदी क्षीण संदेशही दूरवर पकडता येणाऱ्या पद्धतीने तो सुमारे दोन मिनिटांत एक संदेश पाठवतो. त्या संदेशात मावतात फक्त कॉलसाइन, प्रक्षेपणाची शक्ती आणि चार अक्षरी स्थान. ते स्थानही एक अंश गुणिले दोन अंश एवढे ढोबळ. यावरची युक्ती दाद द्यावी अशी आहे : दुसरा संदेश पाठवायचा, त्यात कोणत्याच देशाला न दिलेल्या, शून्याने किंवा ‘क्यू’ने सुरू होणाऱ्या कॉलसाइनचा वेष घ्यायचा आणि त्या अक्षरांत नेमके स्थान, उंची, तापमान दडवायचे.

असे फुगे पृथ्वीला अनेक प्रदक्षिणा घालतात. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या एका क्लबचा फुगा ऑक्टोबर २०२२ मध्ये निघाला आणि सातव्या फेरीत, १० फेब्रुवारी २०२३ रोजी, अलास्काच्या किनाऱ्याजवळून शेवटचा ऐकू आला. दुसऱ्या दिवशी अमेरिकी एफ-२२ विमानाने कॅनडातील युकॉनवर एक अनोळखी वस्तू क्षेपणास्त्राने पाडली. ती हाच फुगा होती असे अधिकृतपणे कोणी म्हटले नाही. शोध थांबवला गेला तेव्हा अवशेषही हाती लागले नव्हते.