पुरळ आधी, अ‍ॅलर्जी नंतर

बाळाच्या गालावर लाल चट्टे उठले की पहिला प्रश्न ठरलेला: खाण्यात काय आलं? बाळ अंगावर पीत असेल तर सगळ्यांची नजर आईच्या ताटाकडे जाते. आधी दूध बंद होतं, मग अंडं, मग शेंगदाणे. आई अर्धपोटी राहते आणि चट्टे जिथल्या तिथे. हा भार आईवर टाकणं बहुतेक वेळा अन्यायाचं असतं आणि विज्ञानाला धरूनही नसतं. गेल्या वीसेक वर्षांतल्या संशोधनात घटनांचा क्रम अनेकदा उलटा असल्याचं दिसलं आहे. आधी त्वचा बिघडते आणि त्या बिघडलेल्या त्वचेतूनच अन्नाच्या अ‍ॅलर्जीला वाट मिळते.

तसं पाहिलं तर तान्ह्या बाळाच्या अंगावर जे काही उठतं त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा अ‍ॅलर्जीशी काडीचा संबंध नसतो. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळांपैकी जवळपास निम्म्यांना पहिल्या दोन-तीन दिवसांत अंगावर लाल डाग उठतात, मधोमध पिवळसर बारीक फोड. सकाळी पोटावर दिसलेला डाग संध्याकाळी नाहीसा होतो आणि पाठीवर नवा उठतो. डॉक्टर याला एरिथेमा टॉक्सिकम म्हणतात. त्या फोडातला द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची गर्दी दिसते. याच पेशी अ‍ॅलर्जीतही वाढतात, तरीही ही अ‍ॅलर्जी नव्हे. आठवड्या-दोन आठवड्यांत औषधाविना सगळं निवळतं. नाकावरचे पांढरे कण, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गालांवर येणाऱ्या पुटकुळ्या, डोक्यावर बसणारी पिवळट तेलकट खपली, यांचंही तेच. घामाच्या नलिका तुंबून घामोळं आलं असेल तर अंगावरचा एक कपडा कमी करणं हा सर्वांत चांगला उपाय.

लंगोटाच्या जागेचं पुरळ मात्र जरा जवळून बघण्यासारखं आहे. शीमधल्या जंतूंकडे युरिएज नावाचं विकर असतं. शी आणि शू एकत्र आली की ते युरियाचं अमोनियात रूपांतर करतं, त्वचेवरची आम्लता घटते आणि शीमधली चरबी व प्रथिनं पचवणारी विकरं जोमाने त्वचेवरच काम करू लागतात. अशा वेळी जांघेची घडी हलकेच उघडून बघावी. बाहेरचे उंचवटे लाल आणि घडीच्या आतली त्वचा नितळ असेल तर हे ओल आणि घर्षणामुळे आलेलं पुरळ आहे, कारण लंगोट घडीच्या आत घासत नाही. उलट घडीतच गडद लाली असेल आणि कडेला सुटे सुटे लाल ठिपके पसरलेले दिसले तर ते बहुधा कँडिडा या बुरशीचं काम. पहिल्या प्रकाराला लंगोट लवकर लवकर बदलणं, साध्या पाण्याने धुणं, थोडा वेळ उघडं ठेवणं आणि झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाड थर पुरतो. दुसऱ्याला बुरशीविरोधी मलम लागतं आणि ते डॉक्टरांना दाखवूनच घ्यावं. घरात पडून असलेलं, बुरशीचं, जंतूंचं आणि तीव्र स्टेरॉइड अशी तीन-तीन औषधं एकत्र असलेलं मलम या जागी लावू नये. लंगोटाखाली झाकलेल्या त्वचेतून स्टेरॉइड जास्त प्रमाणात शरीरात शिरतं.

अ‍ॅलर्जीच्या गोष्टीत खरं महत्त्व आहे ते एक्झिमाला, म्हणजे कोरड्या, खाजऱ्या, रेंगाळणाऱ्या चट्ट्यांच्या त्वचाविकाराला. तो बहुतेकदा दुसऱ्या ते सहाव्या महिन्यात सुरू होतो. आधी गाल, कपाळ आणि डोकं, मग हातापायांची बाहेरची बाजू. लंगोटाखालची ओलसर त्वचा सहसा वाचते, ओळखायला ही खूण उपयोगी पडते. दुसरी खूण खाजेची. एवढ्याशा बाळाला नीट खाजवता येत नाही, म्हणून ते गाल चादरीवर घासतं, एक पाय दुसऱ्यावर घासतं आणि रात्री पुन्हा पुन्हा जागं होतं. भूक समजून त्याला दूध दिलं जातं, पण थोड्या वेळाने ते पुन्हा चुळबुळ करायला लागतं. वैद्यकीय पुस्तकांतली छायाचित्रं बहुतेक गोऱ्या त्वचेची असल्याने एक गोष्ट सांगायलाच हवी. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर हीच लाली तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसते, कधी नजरेला कळतही नाही. तिथे डोळ्यांपेक्षा तळहातावर भरवसा ठेवावा. त्वचा कोरडी आणि बारीक रव्यासारखी खरखरीत लागते.

ही त्वचा अशी का होते, याचा मोठा धागा २००६ साली हाती आला. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातले अर्विन मॅक्लीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की फिलाग्रिन या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असलेल्यांना एक्झिमा होण्याचा धोका बराच वाढतो. फिलाग्रिन त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातल्या पेशींना घट्ट बांधून ठेवतं आणि पुढे त्याचेच तुकडे होऊन त्वचेत पाणी धरून ठेवणारे पदार्थ तयार होतात. ते कमी पडलं की आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचे कण, जंतू, साबण आत शिरतात. त्यात बाळाची त्वचा मुळातच पातळ आणि जन्मतः तिच्यावर पुरेशी आम्लताही नसते. एक्झिमा असलेल्या प्रत्येकाच्या जनुकात हा बिघाड सापडत नाही, पण त्वचेचा गळका थर मात्र सगळ्यांच्यात दिसतो.

लंडनमधले बालरोगतज्ज्ञ गिडियन लॅक यांनी या गळतीचा संबंध अन्नाच्या अ‍ॅलर्जीशी जोडला. २००३ साली त्यांच्या गटाने शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांच्या तान्हेपणाची माहिती गोळा केली, तेव्हा त्यांतल्या अनेकांच्या फुटलेल्या त्वचेला शेंगदाणा तेल असलेली मलमं लावली गेली होती असं आढळलं. मग २००८ साली त्यांनी एक तुलना प्रसिद्ध केली. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांमध्ये शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी १.८५ टक्के होती आणि इस्रायलमधल्या ज्यू मुलांमध्ये केवळ ०.१७ टक्के. ब्रिटनमधली बाळं पहिल्या वर्षात शेंगदाणे जवळजवळ खातच नव्हती, इस्रायलमधली बाळं सहा-सात महिन्यांची झाल्यापासून शेंगदाण्याचा खाऊ खात होती. लॅक यांचं म्हणणं असं होतं, की अन्नाचा कण पोटातून आला तर प्रतिकारशक्ती त्याला आपलं म्हणायला शिकते, आणि तोच कण सुजलेल्या त्वचेतून आला तर शत्रू समजते. घरात कोणी शेंगदाणे खात असेल तर त्याचे सूक्ष्म कण चादरीवर, हातांवर, धुळीत असतातच. बाळाला ते खायला दिले नाहीत तरी त्याच्या त्वचेशी त्यांची गाठ पडलेली असते.

हे तपासायला लॅक यांच्या गटाने जो प्रयोग केला तो मला बालवैद्यकातल्या सर्वांत धाडसी प्रयोगांपैकी एक वाटतो. ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली, सगळी तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली, म्हणजे सर्वाधिक धोक्यातली. शेंगदाण्याची त्वचाचाचणी आधीच जोरात आलेली बाळं यात घेतलीच नव्हती. या ६४० पैकी निम्म्यांना शेंगदाणा पूर्ण बंद, निम्म्यांना आठवड्याला सुमारे ६ ग्रॅम शेंगदाणा-प्रथिन नियमित. २०१५ साली निकाल आला. पाच वर्षांची होईपर्यंत शेंगदाणा टाळणाऱ्यांपैकी १७.२ टक्के मुलांना त्याची अ‍ॅलर्जी झाली होती आणि खाणाऱ्यांपैकी ३.२ टक्क्यांना. त्याआधी, २००० साली, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने धोक्यातल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका असा सल्ला दिला होता. २००८ साली तो मागे घेतला गेला, पण भीती मात्र मागे राहिली.

या सगळ्याचा घरातला अर्थ काय? बाळ सहा महिन्यांच्या सुमारास वरचं खायला लागलं की अंडं, शेंगदाणा यांसारखे पदार्थ मुद्दाम लांबणीवर टाकू नयेत. अंडं पूर्ण शिजवलेलं हवं, शेंगदाण्याचा कूट किंवा लोणी पातळ करून द्यावं, अख्खा दाणा घशात अडकतो म्हणून पाच वर्षांपर्यंत देऊच नये. एक पदार्थ सुरू केला आणि सोसला की तो आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवावा. एक्झिमा तीव्र असेल किंवा एखाद्या पदार्थाने आधी त्रास झाला असेल तर मात्र सुरुवात डॉक्टरांना विचारूनच. आणि पदार्थ आधी बाळाच्या गालाला चोळून बघण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. त्यातून अ‍ॅलर्जी कळत नाही, आणि अन्नाची पहिली ओळख नेमकी चुकीच्या वाटेने होते.

खरी, तात्काळ होणारी अन्नाची अ‍ॅलर्जी ओळखायची तर घड्याळाकडे बघावं. पदार्थ पोटात गेल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर गांध्या उठतात, ओठ किंवा पापण्या सुजतात, उलटी होते. तोच पदार्थ पुन्हा दिला तर बहुधा पुन्हा तेच होतं. दिवसेंदिवस रेंगाळणारे कोरडे चट्टे या वर्णनात बसत नाहीत. टोमॅटो किंवा आंबट फळ खाताना फक्त तोंडाभोवती लाली येते आणि अर्ध्या-पाऊण तासात जाते, ती बहुतेकदा आम्लाने झालेली जळजळ. सर्दी-तापाच्या दिवसांत अंगभर पित्त उठलं तर लहान मुलांत त्याचं सर्वांत नेहमीचं कारण विषाणू असतो.

रक्ताची किंवा त्वचेची चाचणी हे कोडं एका फटक्यात सोडवेल असं वाटतं. पण त्या चाचणीतून शरीराने त्या पदार्थाविरुद्ध आयजीई प्रतिपिंडं तयार केली आहेत एवढंच कळतं. प्रतिपिंडं असूनही तो पदार्थ मजेत पचवणारी मुलं पुष्कळ असतात, विशेषतः एक्झिमावाली. म्हणून काही त्रास झालेला नसताना वीस-तीस पदार्थांची यादी तपासून घेऊ नये. त्या कागदावर लाल खूण आली म्हणून बाळाचा चांगला सोसणारा पदार्थ बंद केला, आणि काही महिन्यांनी दिल्यावर खरीखुरी तीव्र अ‍ॅलर्जी उभी राहिली, असंही घडतं. काही बाळांचा एक्झिमा नीट उपचार करूनही आटोक्यात येत नाही, त्यांच्यात दूध किंवा अंड्याचा हात असू शकतो. तिथेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली एकच पदार्थ दोन ते चार आठवडे थांबवून, मग पुन्हा देऊन खात्री करायची असते. पुन्हा देण्याची ही पायरी सगळे विसरतात, आणि आईचं दूध-दही मग वर्षभर बंद राहतं.

मग त्वचेचं काय करायचं? कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांची अंघोळ, बिनवासाचा सौम्य साबण तोही मोजकाच, अंग टिपून घ्यायचं आणि ओलसर असतानाच जाडसर मॉइश्चरायझर सढळ हाताने लावायचं. आठवड्याला १०० ग्रॅम किंवा त्याहून जास्त लागू शकतं, ट्यूब दोन महिने पुरत असेल तर ते कमी लावलं जातं आहे. ऑलिव्ह तेल नैसर्गिक म्हणून लावलं जातं, पण ते त्वचेचा थर आणखी विस्कळीत करतं असं प्रयोगांत दिसलं आहे. चट्टे लाल आणि सुजलेले असतील तर मॉइश्चरायझर पुरत नाही, तिथे डॉक्टर १ टक्का हायड्रोकॉर्टिझोनसारखं सौम्य स्टेरॉइड देतात. याचं मोजमाप सोपं आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर पिळलेली मलमाची रेघ, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, दोन पंजांएवढ्या जागेला पुरते. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाच्या चेहरा-मानेला अशी एक रेघ, एका पूर्ण हाताला एक, एका पायाला दीड. भीतीपोटी याचा पाव भाग लावला जातो, चट्टा बरा होत नाही, आणि औषध निकामी ठरवलं जातं.

निरोगी बाळाला जन्मापासून रोज मॉइश्चरायझर चोपडून एक्झिमा टळतो का, हेही तपासून झालं आहे. ब्रिटनमध्ये १,३९४ नवजात बाळांवर केलेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तो टळला नाही. एकदा एक्झिमा सुरू झाल्यावर लगेच आणि जोरकस उपचार केले तर? जपानमध्ये ६५० बाळांवर हे करून पाहिलं, निकाल २०२३ साली आला. अठ्ठावीस आठवड्यांच्या वयात अंड्याची अ‍ॅलर्जी नेहमीच्या उपचारांच्या गटात ४१.९ टक्के होती, जोरकस उपचारांच्या गटात ३१.४. मात्र त्यासाठी स्टेरॉइड जास्त लागलं आणि त्या बाळांची वाढ थोडी मागे पडली. म्हणजे दिशा बरोबर दिसते, मात्रा अजून ठरायची आहे. तोवर सौम्य औषध, पुरेसं आणि लवकर, हाच शहाणपणाचा मार्ग.

काही गोष्टींना मात्र थांबायला वेळ नसतो. खाल्ल्यावर बाळाचा आवाज घोगरा झाला, श्वास घरघरला, ते पांढरं फटक किंवा लुळं पडलं तर तडक इस्पितळ, तिथे अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन हाच पहिला उपचार. पुरळावर काचेचा पेला दाबला आणि डाग फिके झाले नाहीत, सोबत ताप असेल, तर तेही तितकंच तातडीचं. सावळ्या त्वचेवर हे तळहात, तळपाय आणि पापणीच्या आत बघावं. एक्झिमाच्या जागी एकाच मापाचे, मध्ये खड्डा पडलेले दुखरे फोड झपाट्याने पसरले तर नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिस विषाणूची शंका घ्यावी. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप आला तर पुरळ असो वा नसो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं.

दूध आणि अंड्याची अ‍ॅलर्जी बहुतेक मुलांची पुढे जाते, शेंगदाण्याची मात्र पाचांपैकी सुमारे एकाचीच. म्हणून अ‍ॅलर्जीचं निदान झालेल्या मुलाला साधारण दर वर्षी पुन्हा तपासून घ्यावं, आणि तो पदार्थ पुन्हा देऊन बघण्याची वेळ आली की पहिला घास डॉक्टरांच्या समोरच द्यावा.