जाळीदार कंदांचे बुटके आयरिस (थंड प्रदेशातली लागवड)

केशराच्याच कुळातली (इरिडेसी) ही छोटी आयरिस मूळची तुर्कस्तान, कॉकेशस, इराण-इराकच्या डोंगराळ भागातली, कंदावर तंतूंची जाळी असते म्हणून रेटिक्युलाटा गट. आयरिस रेटिक्युलाटाचं नाव १८०८ चं, वनस्पतिशास्त्रज्ञ बीबरस्टाइनने दिलेलं. पुढे रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ रोडिओनेंको यांनी १९६१ मध्ये सगळ्या गटाची इरिडोडिक्टियम अशी वेगळी प्रजाती केली, रशियन पुस्तकांत ते नाव भेटतं, पण बाकीकडे फारसं रुळलं नाही, इथेही आयरिसच धरलंय.

फुलं जेमतेम १०-१५ सेंमी उंच, ब्रिटनमध्ये फेब्रुवारीच्या आसपास, टोरांटोसारख्या ठिकाणी बर्फ हटला की मार्चअखेर-एप्रिलात. खाली जो देठ वाटतो तो बहुतेक पाकळ्यांचीच लांब नळी असते, बीजांडकोश मातीखाली कंदापाशी, त्यामुळे बी हवं असेल तर नंतर पानांच्या बुडाशी माती जरा बाजूला करून बोंड शोधायचं.

सप्टेंबर-ऑक्टोबरात जमीन गोठायच्या आत ८-१० सेंमी खोल लावतात. कडाक्याच्या थंडीचं यांना काही नाही, बर्फाचं पांघरूण असलं तर उत्तमच, पण उन्हाळ्यात कंद ओलीत राहिला की कुजलाच समजा, म्हणून खडी-वाळू मिसळलेली निचऱ्याची जागा बघावी. चौकोनी पानं फुलानंतर फूटभर वाढतात, दिसायला गबाळी, तरी पिवळी पडेपर्यंत कापू नयेत. कंदावर शाईसारखे काळे डाग दिसले तर तो टाकून द्यायचा.

सगळ्यात जास्त वाद 'कॅथरीन हॉजकिन' या फिकट निळ्या-पिवळ्या संकराचा. तो ई. बी. अँडरसन यांनी इंग्लंडमध्ये काढला, बहुधा १९५० च्या दशकात. एक पालक याच गटातली आयरिस हिस्ट्रिऑइडीस हे सगळे मानतात, पण दुसरा म्हणून अनेक कॅटलॉगांत गटातल्याच पिवळ्या आयरिस डॅनफोर्डीचं नाव छापलेलं असतं. ते पटायला अवघड आहे, कारण डॅनफोर्डीच्या उभ्या पाकळ्या नुसत्या केसाएवढ्या उरलेल्या असतात आणि कॅथरीनच्या चांगल्या भरदार आहेत. शिवाय हिस्ट्रिऑइडीस आणि कॉकेशसमधल्या जॉर्जिया देशातल्या आयरिस विनोग्राडोव्हीची गुणसूत्रं दोघांची १६-१६, डॅनफोर्डीची १८, बाजारात मिळते ती तर त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेली, २७ वाली. त्यामुळे हल्ली विनोग्राडोव्हीलाच पालक धरतात, आणि तेच जास्त बरोबर दिसतं.

डॅनफोर्डीची आणखी एक खोड म्हणजे पहिल्या बहरानंतर कंद फुटून तांदळाएवढी पिल्लं होतात, ती वर्षानुवर्षं नुसती पानं काढत बसतात. जास्त खोल लावा असं सांगतात, फरक पडेलच असं नाही, बरेच जण दरवर्षी नवीन कंद आणून मोकळे होतात. विनोग्राडोव्हीचं मात्र उलटं, तिला उन्हाळ्यातही थोडी ओल लागते.

हिमालयात हा गट नाही. उत्तराखंडच्या ट्रेकला दिसते ती आयरिस केमाओनेन्सिस, बुटकीच पण कंदाची नव्हे, जमिनीखालच्या जाड खोडाची.