पहिल्यांदाच परदेशी निघालात? मुंबई विमानतळावर माणसं अडतात ती या कागदांपायी

सांगली-साताऱ्याकडून मुलाकडे किंवा लेकीकडे परदेशी निघालेल्या आईवडिलांना सगळ्यात जास्त धास्ती असते ती विमानतळाच्या आकाराची. आत चुकलो तर, दार सापडलं नाही तर, इंग्रजीत काही विचारलं तर? खरं सांगायचं तर आत फारसं कुणी चुकत नाही. पाट्या आहेत, आकडे आहेत, विचारायला माणसं आहेत. माणूस परत फिरतो तो कागदामुळे. आणि तो कागद दुरुस्त करायची वेळ विमानतळावर नसते, ती दोन-तीन महिने आधी घरी असते.

आतला क्रम एकदा सांगतो. दारात सीआयएसएफचा जवान तिकीट आणि मूळ पासपोर्ट बघतो. पुढे विमान कंपनीच्या काउंटरवर मोठ्या बॅगा द्यायच्या आणि बोर्डिंग पास घ्यायचा. मग इमिग्रेशन (पासपोर्ट-व्हिसाची सरकारी तपासणी), मग सिक्युरिटी (अंगाची आणि हातातल्या बॅगेची झडती), मग गेट. भारतीयांना परदेशी जाताना भरावा लागणारा फॉर्म जुलै २०१७ पासून बंद झाला आहे, त्यामुळे पेन शोधत फिरू नका. चेहरा ओळखून आत सोडणारी डिजीयात्रा देशांतर्गत प्रवासासाठी आहे, ती इथे कामाला येत नाही.

आता तारखेचं. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख, वेळ ०१:५० असेल, तर तुमचा प्रवास १४ तारखेचा आहे. १५ तारखेला सकाळी देवाला नमस्कार करून निघालेलं कुटुंब मुंबईत पोचतं तेव्हा विमान परदेशात उतरलेलं असतं, आणि न आलेल्या प्रवाशाचे पैसे बहुतेक तिकिटांवर जवळजवळ सगळे बुडतात. तिकीट छापून घ्या आणि त्यावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहा : 'घर सोडायचं : १४ तारीख, सकाळी अमुक वाजता.' वेळ उलटी मोजायची. विमानतळावर तीन तास आधी, म्हणजे रात्री अकराच्या आत. बहुतेक कंपन्यांचा काउंटर सुटण्याच्या एक तास आधी बंद होतो आणि तो पुन्हा कुणासाठी उघडत नाहीत. सांगलीहून मुंबई पावणेचारशे किलोमीटरच्या पुढे आहे. पेठ नाका, कराड, खंबाटकी, नवले पूल, मग चेंबूरकडची संध्याकाळची गर्दी. सकाळी अकरापर्यंत गाडी निघालेली बरी. सातारकरांनी दुपारी दोनच्या पुढे थांबू नये.

मुंबईत जायचं कुठे, हेही तिकिटावरच बघा. छत्रपती शिवाजी महाराज विमानतळावरून परदेशी जाणारी विमानं सहारच्या टर्मिनल २ वरून सुटतात, विलेपार्ल्याचं टर्मिनल १ वेगळं. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. तिकिटावर 'बीओएम' (BOM) असेल तर मुंबई, 'एनएमआय' (NMI) असेल तर नवी मुंबई. ड्रायव्हरला नुसतं 'एअरपोर्ट' सांगून झोपू नका.

नावाचा घोळ

आपल्याकडे एकाच बाईची तीन नावं कागदावर असतात. आधारवर शांताबाई, पासपोर्टवर शांता, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव. मुलगा तिकडे बसून तिकीट काढतो, तेव्हा त्याच्यासमोर आईचं आधार असतं किंवा काहीच नसतं. तिकीट आणि व्हिसा पासपोर्टप्रमाणेच हवेत, अक्षर अन् अक्षर. तिकीट काढण्याआधी पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो मुलाला पाठवा, तोंडी नाव सांगू नका. एखाद्या अक्षराची चूक कंपन्या सहसा आधी कळवल्यास दुरुस्त करतात. आडनावच वेगळं असेल तर नवं तिकीट काढायची वेळ येऊ शकते. लग्नानंतर पासपोर्टवरचं आडनाव बदललंच पाहिजे अशी सक्ती नाही. जे आहे त्या नावाने सगळं काढा.

पासपोर्टवर नाव एकाच शब्दात असेल, आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर दुबईला निघालेल्यांनी आधीच सावध व्हावं. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून अशा पासपोर्टवर भेटीचे व्हिसा देणं बंद केलं. वडिलांचं नाव पासपोर्टच्या शेवटच्या पानावर असल्यास काहींना सूट मिळते, पण त्या भरवशावर राहण्यापेक्षा पासपोर्ट नव्याने काढून घेतलेला चांगला. सांगली आणि सातारा दोन्ही जिल्हे पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतात. ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळला त्यावर आणखी २,०००.

मुदतीचंही तसंच. पासपोर्ट अजून चार महिने चालतो म्हणून माणूस निर्धास्त असतो, पण अनेक देशांना पोचण्याच्या दिवसापासून सहा महिने शिल्लक लागतात. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा जुन्या, रद्द झालेल्या पासपोर्टवर असेल तर दोन्ही पासपोर्ट सोबत न्यायचे. जुना कपाटात ठेवून निघालेल्यांना काउंटरवरूनच माघारी यावं लागतं, हे बघून फार वाईट वाटतं.

ईसीआर शिक्का

हा शिक्का ज्यांच्या पासपोर्टवर असतो त्यांना तो आहे हेच माहीत नसतं. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' (परदेशी कामाला जाण्याआधी तपासणी आवश्यक) असं छापतात. अशा माणसाला ठरावीक १८ देशांत नोकरीला जायचं असेल, तर आधी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून परवानगी लागते. आखाती देश, मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया त्या यादीत आहेत. भेटीला किंवा फिरायला जाणाऱ्यांना ही परवानगी लागत नाही, फक्त भेटीचा व्हिसा आणि परतीचं तिकीट हवं. वय ५० च्या पुढे असेल तर दहावीचा दाखला नसला तरी शिक्का काढून मिळतो, त्यासाठी पासपोर्ट पुन्हा काढावा लागतो.

या परवानगीचा कायदा १९८३ चा आहे, कामगाराची फसवणूक होऊ नये म्हणून केलेला. पण तो समजावून कुणी सांगत नाही, आणि आटपाडी-जतकडच्या पोराला पहिल्यांदा कळतं ते इमिग्रेशनच्या काचेसमोर, कर्ज काढून तिकीट घेतल्यावर. ही माहिती पासपोर्ट हातात देतानाच मराठीत का दिली जात नाही, हे मला आजवर समजलेलं नाही.

पोरांनो, 'भेटीच्या व्हिसावर जा, तिथे काम लावून देतो' असं एजंट म्हणाला की उठून या. तिथे पकडलं गेलं तर दंड तुम्हाला, एजंटाला नाही. नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेटवर आहे, आणि त्यांना सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. लाख-दीड लाख मागणाऱ्याचं नाव त्या यादीत शोधा आधी.

सोन्याचं काय करायचं

आई पाटल्या, गंठण, कानातलं घालून जाते आणि सहा महिन्यांनी तेच घालून परत येते. परतताना कस्टम्सने विचारलं की हे इथूनच नेलं होतं हे सिद्ध कसं करणार? त्यासाठी जाताना कस्टम्सच्या टेबलावरून निर्यात प्रमाणपत्र घ्यायचं असतं. त्याला पावती लागते, आणि तीस वर्षांपूर्वी सराफ कट्ट्यावर घडवलेल्या पाटल्यांची पावती कुणाकडे असते? म्हणून निघण्याआधी सरकारमान्य मूल्यांकनकाराकडून वजन आणि वर्णनाचा दाखला घ्या, दागिन्यांचे फोटो जोडा, विमानतळावर तासभर आणखी लवकर पोचा. एवढी धावपळ नको असेल तर मंगळसूत्र आणि कानातलं सोडून बाकी सगळं लॉकरमध्ये.

बॅगेत

लेकीसाठी डबे भरताना हात आवरत नाही, ते कळतं. पण सुकं खोबरं पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतं, ते काढून टाकायला लावतात. लोणचं, तूप, पातळ काहीही हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वर चालत नाही, ते मोठ्या बॅगेत घाला. पॉवर बँक उलट, फक्त हातातल्या बॅगेत. कंदी पेढे ऑस्ट्रेलिया किंवा ब्रिटनला नेऊ नका, दुधाचे पदार्थ तिथे अडवतात. बेदाण्यासारखं काही नेत असाल तर ऑस्ट्रेलियात उतरताना फॉर्मवर खरं लिहा, लपवलं तर दंड जबर आहे. आणि खसखस आखातात चुकूनही नको : तिथे ती अमली पदार्थांत धरतात, मसाल्याच्या डब्यात चिमूटभर राहिली तरी प्रकरण तुरुंगापर्यंत जातं. ट्रॅमाडॉल, कोडीन (दुखणं कमी करणारी औषधं) असलेल्या गोळ्यांचंही तसंच. रोजची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या आणि त्या देशात चालतात का ते मुलाला आधी बघायला सांगा.

मधला थांबा

स्वस्त पडतं म्हणून मुलं कधीकधी दोन वेगळी तिकिटं काढतात. मग मधल्या विमानतळावर बॅगा उतरवून घ्याव्या लागतात, आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. म्हाताऱ्या माणसांना शक्यतो एकाच तिकिटावर पाठवा. लंडनमार्गे जात असाल तर विमान बदलायलाही भारतीयांना सहसा ट्रान्झिट व्हिसा लागतो, अमेरिका किंवा कॅनडाचा चालू व्हिसा असणाऱ्यांना त्यातून सूट असते. अमेरिकेत ज्या शहरात पहिल्यांदा उतराल तिथेच सहसा बॅगा घेऊन पुन्हा द्यायच्या असतात, पुढचं विमान असलं तरी.

गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगा, निदान दोन दिवस आधी. ती ढकलणारा माणूस इमिग्रेशन, सिक्युरिटी ओलांडून गेटपर्यंत सोबत येतो. यात लाजण्यासारखं काही नाही. मुलाचा पूर्ण पत्ता, फोन नंबर आणि किती दिवस राहणार हे एका कागदावर इंग्रजीत लिहून पासपोर्टमध्ये ठेवा. अधिकाऱ्याने विचारलं की तोच कागद पुढे करायचा. फोनवर विसंबू नका, उतरल्यावर भारतातलं सिम तिथे बहुधा चालत नाही.