एल्फ का मरत नाहीत, माणसं का मरतात: टॉल्किनच्या पुराणकथांची पार्श्वभूमी

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टॉल्किन यांच्या मिडल-अर्थ या काल्पनिक जगातले एल्फ, म्हणजे माणसासारखाच दिसणारा एक वंश, अमर असतात, असं आपण सर्रास म्हणतो. खरं तर त्यांना चिरंजीव म्हणायला हवं. म्हातारपण आणि आजार त्यांना शिवत नाहीत, पण तलवारीच्या घावाने किंवा असह्य दुःखाने ते मरतात. मरूनही सुटका नाहीच. आत्मा मृतांचा देव मँडोस याच्या दालनांत जातो आणि जग आहे तोवर जगातच अडकून राहतो. माणूस मात्र मेला की जगाच्या पार निघून जातो. कुठे, ते एल्फांनाही ठाऊक नाही. म्हणूनच या कथांमध्ये मरण ही सृष्टिकर्त्या इलूवातारने माणसाला दिलेली देणगी आहे.

देणगी हा शब्द लिहिणाऱ्याने मरण फार जवळून पाहिलं होतं. चौथ्या वर्षी वडील गेले, बाराव्या वर्षी, १९०४ मध्ये, आई. १९१६ मध्ये टॉल्किन पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत होते. शाळेपासूनच्या चार जिवलगांच्या कंपूतले दोघे त्याच वर्षी गेले. आजारी पडून मायदेशी परतल्यावर त्यांनी या कथा लिहायला घेतल्या.

सुरुवातीला मेलेला एल्फ आपल्याच वंशात बाळ म्हणून पुन्हा जन्म घ्यायचा. ही कल्पना त्यांनी अनेक वर्षं जपली आणि उतारवयात मोडीत काढली. एका आत्म्याला दोन वेगळे देह कसे जुळतील? आणि आधीच कुणाचं तरी असलेलं मूल पदरात पडणाऱ्या दुसऱ्या आईबापांवर तो अन्याय नाही का? मग ठरलं, की एल्फाला पूर्वीसारखाच देह परत मिळेल. आपल्याच कल्पनेला इतक्या गांभीर्याने धारेवर धरणारा लेखक विरळाच.

ड्वार्फ, म्हणजे या कथांमधला बुटक्यांचा वंश, मर्त्यच, अडीचशे वर्षांच्या आसपास जगणारे. मेल्यावर आपला निर्माता देव आउले आपल्यासाठी वेगळी दालनं राखतो, अशी त्यांची श्रद्धा. एल्फ मात्र म्हणत, ते पुन्हा दगड होतात.

पण चिरंजीवपणाची खरी गाठ मिरिएल या एल्फ राणीच्या कथेत आहे. मुलाला, फेआनोरला, जन्म देऊन ती इतकी थकली, की देवभूमीतल्या लोरिएनच्या बागेत जाऊन निजली आणि तिचा आत्मा देह सोडून गेला. देह कोमेजला नाही. नवरा फिन्वे रुपेरी वाळुंजांखाली त्या देहाशेजारी बसून तिला नावानं हाका मारायचा. पुढे त्याला दुसरं लग्न करावंसं वाटलं, तेव्हा पेच पडला: जी बायको कधीही परतू शकते, तिचा नवरा विधुर कसा? अखेर मिरिएलने पुन्हा कधीच न परतणं कबूल केलं आणि मगच फिन्वेला परवानगी मिळाली.